चिमट्यातली हवा

(१९९०च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातल्या भाषणाचं शब्दांकन)



समितीचा हुकूम असा की प्रत्येकाने आपापल्या कामाविषयी वीस मिनिटं बोलायचं. सकाळपासून आपण हृदयाच्या झडपा ऐकल्या, गृहकर्जाचे हप्ते ऐकले, अमेरिकेतला बर्फ ऐकला. आता सायकलचा शॉकअप ऐका. पुण्यात माझी दोन खणांची कार्यशाळा आहे. डोंगरात चालवायच्या सायकलींची सस्पेन्शनं उघडायची, धुवायची, दुरुस्त करायची आणि कोणाला बदलायची असतील तर बदलून द्यायची, हे माझं काम. त्याआधी अठरा वर्षं पिंपरीत टूलरूममध्ये लेथवर होतो. तो हात अजून उपयोगी पडतो. सील बसवायची बरीचशी हत्यारं मी स्वतःच घडवली आहेत, कारण विकतची घ्यायची तर त्या किमतीत एक जुनी मोपेड येईल.

आपल्या वेळी वाईत सायकलला शॉकअप नावाची वस्तू नव्हती. तासाच्या भाड्याची सायकल घ्यायची, पसरणी घाटात वर ढकलत न्यायची आणि खाली सोडून द्यायची. खड्डा दिसला की सीटवरून उठायचं. गुडघे आणि कोपरं हाच शॉकअप. गंमत म्हणजे आपण दहावीला बसलो त्याच १९९० साली अमेरिकेत, कोलोरॅडोतल्या दुरँगो गावी, माउंटन बाइकची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली. तिथली उतरणीची शर्यत ग्रेग हर्बोल्ड याने जिंकली आणि त्याच्या सायकलला पुढे रॉकशॉक्सचा आरएस-१ हा शॉकअपवाला चिमटा होता. पॉल टर्नर आणि स्टीव्ह सायमन्स या मोटरसायकलच्या दुनियेतून आलेल्या दोघांनी ती कंपनी काढून जेमतेम वर्ष झालं होतं. तो चिमटा दाबला तर खाली जायचा फक्त दोनेक इंच. तेवढ्यावर माणूस जगज्जेता झाला, हे मी माझ्या गिऱ्हाइकांना वारंवार ऐकवतो. त्यांना ते आवडत नाही.

चिमटा म्हणजे पुढचं चाक धरणारा, हँडलला जोडलेला भाग. हा शब्द तुम्हाला सायकलवाल्याच्या दुकानातून माहीत आहे. मागे वेगळा शॉकअप असतो. चाक वर-खाली जितकं हलू शकतं त्याला म्हणायचं ट्रॅव्हल. शंभर मिमीच्या आसपास ट्रॅव्हल असलेली सायकल चढायला हलकी. एकशे साठ-सत्तरची उतरणीसाठी, चढावर जड. मधली, १२० ते १४०-१५० मिमीची, ती मिड-ट्रॅव्हल. आपल्याकडे बहुतेकांनी घ्यावी ती हीच. टेकडीवर चालते, घाटातल्या मुरमाच्या वाटेवर चालते, रविवारी पन्नास किलोमीटर डांबरावरही रडत नाही. पंचाईत तेव्हा होते जेव्हा माणसाचं मन सायकलच्या पुढे जातं. दोन-तीन वर्षं चालवल्यावर त्याला मुरूम पुरत नाही, दगड हवे असतात. मग तो माझ्याकडे येतो आणि म्हणतो, मोठा चिमटा टाक.

असाच एक जण गेल्या वर्षी आला. तो आत्ता तिसऱ्या रांगेत बसला आहे. नाव घ्यायचं नाही या अटीवर त्याने हे सांगायची परवानगी दिली आहे, तेव्हा कृपा करून कोणी मागे वळू नका.

आपल्या या दोस्ताचं वजन ८६ किलो. वय तुमच्या-माझ्याएवढंच, म्हणजे लपवून उपयोग नाही. उजव्या मनगटात दहा वर्षांपूर्वीच्या अपघाताची प्लेट आहे. सायकल पुढे-मागे १३० मिमीची, २९ इंची चाकांची. त्याच्या मुलीने नेपाळला जायचं ठरवलं होतं. मुक्तिनाथहून निघून लुब्रा गावावरून जोमसोमकडे उतरायचं. आपल्याकडचे लोक मुक्तिनाथाला जीपने जातात आणि दर्शन घेऊन जीपनेच परततात. हे सायकलवाले त्या डोंगराच्या दुसऱ्या अंगाने, पायवाटेने खाली येतात. सुमारे हजार मीटरचा उतार, सुटे दगड, भुसभुशीत माती, काही ठिकाणी एका बाजूला दरी. मुलीने विचारलं, "बाबा, येणार का?" आणि याने हो म्हणून टाकलं.

अडचण अशी की दगडाळ उतारावर दहाव्या मिनिटाला त्याची उजवी करंगळी आणि शेजारचं बोट बधिर व्हायचं. त्यानंतर ब्रेक किती दाबला गेलाय हे त्याला बोटांना कळायचं नाही, डोळ्यांनी बघावं लागायचं. डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं की हादरे कमी करा, नाहीतर हा प्रकार बंद करा. निघायला चार महिने होते. माझ्याकडे आला तेव्हा खिशात लाखभर रुपये आणि डोक्यात १६० मिमीचा चिमटा.

मी नाही म्हणालो. त्याला वाटलं मी महाग आहे म्हणून संकोचतोय. तसं नव्हतं.

सायकलची चौकट एका ठरावीक उंचीच्या चिमट्यासाठी आखलेली असते. चिमटा १० मिमीने उंच केला की पुढची मान साधारण अर्ध्या अंशाने मागे झुकते. ३० मिमी वाढवला तर दीड अंश. उतरणीवर हे बरं वाटतं, चाक पुढे गेल्यासारखं. पण सीटची नळीही तितकीच मागे झुकते, पायडलचा आस सेंटिमीटरभर वर येतो, चढावर पुढचं चाक हलकं होऊन भटकायला लागतं. हे सगळं सोसता येईल. सोसता येत नाही ते मानेच्या जोडाचं. चिमटा म्हणजे एक पहार आहे. ती जितकी लांब तितकी मानेजवळचा जोड जास्त उपटते. एक तरुण १२० मिमीच्या सायकलला दुसरीकडून १६०चा चिमटा बसवून घेऊन माझ्याकडे 'कुठेतरी करकर वाजतंय' म्हणून आला होता. रंगाखाली, वेल्डिंगच्या कडेला, केसासारखी भेग होती. मी ती सायकल त्याला चालवत घरी नेऊ दिली नाही, रिक्षात घालून दिली. भेग वाजत होती म्हणून कळली. न वाजता गेली असती तर उतारावर हँडल हातात आणि सायकल मागे, अशी अवस्था.

कंपन्या चौकटीबरोबरच्या पुस्तिकेत जास्तीत जास्त किती लांबीचा चिमटा चालेल हे छापतात. दोस्ताच्या पुस्तिकेत लिहिलं होतं १४०. म्हणजे वाढवायला जागा १० मिमी. विषय संपला. आता या १० मिमीत आणि चार महिन्यांत काय होतं ते बघायचं.

आधी मी एक रुपयाही खर्च करायला लावला नाही. वजनकाट्यावर उभं केलं, हेल्मेट, बूट, पाण्याची पिशवी, सगळ्यासकट. मग सायकलवर बसवलं आणि सॅग मोजला. सॅग म्हणजे माणूस नुसता बसल्यावर शॉकअप किती दबतो ते. चिमट्याच्या नळीवर एक रबरी कडी असते, ती किती सरकली ते पट्टीने मोजायचं. पुढे एकूण ट्रॅव्हलच्या पंधरा-वीस टक्के हवा, मागे पंचवीस-तीस. कारण चाकाला खड्ड्यात खाली जायलाही जागा लागते. नुसतं वर जाऊन चालत नाही. १३०चा चिमटा २६ मिमीच्या आसपास दबायला हवा होता. याचा दबत होता ११. हवा भरताना त्याने दुकानदाराला सांगितलं होतं, "भक्कम भर."

इथे आपल्या सायन्सच्या सरांची आठवण काढतो. सर, तुम्ही हूकचा नियम शिकवलात: स्प्रिंग जितकी ताणाल, त्या प्रमाणात जोर लागेल. आणि बॉईलचा नियम शिकवलात: हवा जितकी कोंडाल तितका दाब वाढेल. मी दोन्ही पाठ केले होते, त्यातला एक माझ्या पोटापाण्याचा होईल असं वाटलं नव्हतं. आजकालच्या बहुतेक चिमट्यांत पोलादी स्प्रिंग नसते, हवाच असते. पोलादी स्प्रिंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी वागते. हवा सुरुवातीला मऊ असते आणि शेवटी भिंतीसारखी कडक होते. समजा आत १५० घन सेंमी हवा आहे आणि चिमटा पूर्ण दबला की त्यातली ९० घन सेंमी जागा खाल्ली जाते. उरली ६०. दाब झाला अडीचपट. आता त्या पोकळीत १० घन सेंमीचा एक प्लॅस्टिकचा गट्टू बसवला तर १४०ची ५० होते आणि दाब जातो २.८ पटीवर. सुरुवातीचा मऊपणा जवळपास तोच, पण शेवट जास्त राखलेला. मोठ्या दगडावरून उडी पडली तर चिमटा तळाला आपटत नाही. या गट्टूला टोकन म्हणतात. स्वस्तातली वस्तू. लाखाचा चिमटा घेण्याआधी हिचा विचार करावा, पण हिची जाहिरात कोण करणार?

दुसरं टायर. ट्यूब काढली, ट्यूबलेस केलं, २.४ इंचाचं जाड बाजूचं टायर घातलं, आणि ३५ पीएसआय हवा होती ती पुढे २३, मागे २६ वर आणली. टायर हा पहिला शॉकअप. हाताला मुंग्या आणणारा जो बारीक खडखडाट असतो, खडीवरचा, मुरमावरचा, तो टायरमध्येच मरायला हवा. चिमट्यापर्यंत पोचायलाच नको.

तिसरं, चिमटा उघडला. खालच्या पायांत जे थोडं तेल असायला हवं ते नव्हतंच. फोमच्या कड्या वाळून कुरकुरीत, तळाशी करडा चिखल. पुस्तिकेत पन्नास तासांनी तेल बदला असं लिहिलेलं असतं, आणि ते ज्यांच्या देशात चार महिने पाऊस पडत नाही त्यांच्यासाठी लिहिलेलं आहे. आपल्या पावसात चालवत असाल तर त्याहून लवकर. याने तीन वर्षं बघितलं नव्हतं. मोटरसायकलचं ऑइल हा माणूस तारीख लिहून बदलतो.

एवढं झाल्यावर आम्ही इथेच आलो, मांढरदेवच्या डोंगराच्या एका सोंडेवर. एकच पट्टा निवडला, काळे दगड, मधे एक नाल्याची उतरण, पुन्हा दगड. तोच पट्टा पुन्हा पुन्हा उतरायचा, दर वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशाने फरक पडला ते कळत नाही; ही टूलरूमची सवय. बोटं बधिर व्हायला दहा मिनिटं लागायची, ती आता सतरा-अठरा मिनिटं लागायला लागली.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण त्याच सुमारास एक मुलगी आली होती आणि तिच्याशिवाय पुढचं समजणार नाही.

वजन ४७ किलो. वडील बरोबर. म्हणाले, हिला उतारावर भीती वाटते, सगळ्या पोरी-पोरांच्या मागे राहते, तर जरा चांगला चिमटा बसवून द्या, पैशाचं बघू. मुलगी काही बोलत नव्हती. मी चिमट्याची रबरी कडी बघितली. १३० मिमीच्या नळीवर ऐंशीच्या वर कधी धूळसुद्धा पुसली गेली नव्हती. म्हणजे तिने विकत घेतलेल्या ट्रॅव्हलमधला तिसरा हिस्सा तिला एकदाही मिळाला नव्हता. हवा होती ७५ पीएसआय. आम्ही ४५ वर आणली, आतले टोकन काढून टाकले.

तरी अर्धंच काम झालं. हवा वजन तोलते. वेग आवरायचं काम तेल करतं. आत एक पिस्टन तेलातून फिरतो, त्याला भोकं असतात आणि भोकांवर पातळ पोलादी चकत्यांचा ढीग, त्यांना शिम म्हणतात. तेल त्या चकत्या वाकवून वाट काढतं. चकती जितकी जाड तितकी हट्टी, आणि हा हट्ट जाडीच्या घनाने वाढतो: ०.१० मिमीच्या जागी ०.१५ची टाकली तर जवळजवळ साडेतीनपट ताठ. दबताना अडवतं ते कॉम्प्रेशन, परत वर येताना आवरतं ते रिबाउंड. रिबाउंडचा लाल खटका बाहेर असतो, तो फिरवून कमी-जास्त करता येतं. पण तो ज्या मर्यादेत फिरतो ती कारखान्यात ठरते, आणि कारखान्याच्या डोळ्यांसमोर ऐंशी किलोचा गोरा माणूस असतो. तिचा खटका पूर्ण मोकळा सोडला तरी चिमटा आळसावून वर यायचा. एका दगडावर दबला, वर येतोय तोवर दुसरा दगड, तिसरा. चौथ्या दगडापर्यंत चिमटा खालीच बसलेला आणि हातात नुसती काठी. तिथे ती उतरून चालत जायची.

आम्ही शिमचा ढीग हलका केला, कमी घासणारी सीलं बसवली. तिला मोकळ्या मैदानात फूटपाथच्या उंचीचा एक ओटा उतरायला लावून रिबाउंड जुळवला: उतरल्यावर सायकल एकदाच उसळून बसली पाहिजे, दोनदा नाही, आणि चिकटूनही राहता कामा नये. पुढच्या आठवड्यात कडी ११८ वर गेली होती. ती म्हणाली, "काका, मी त्या जागी उतरले नाही." वडिलांना मी नव्या चिमट्याऐवजी तेल, सीलं आणि मजुरीचं बिल दिलं. त्यांना तेवढं कमी बिल पटेना, दोनदा विचारलं. ही मुलगी दोन वर्षं स्वतःला घाबरट समजत होती. आपल्याकडे कमी वजनाची, बारीक चणीची माणसं पुष्कळ; त्यातले किती जण असंच समजून सायकल विकून टाकत असतील, याचा विचार आला की मला राग येतो. मी आता येणाऱ्या प्रत्येकाला आधी वजन विचारतो, मग बजेट.

आता आपला दोस्त. त्याच्या बाबतीत उलटं होतं. त्याचा चिमटा ३२ मिमी व्यासाच्या नळ्यांचा होता आणि डॅम्पर साधा. सगळं जुळवूनही मोठ्या दगडांत नळ्या वाकताना दिसायच्या. नळी वाकली की आतल्या आत अडकते, आणि अडकलेला चिमटा हादरा तसाच हाताला देतो. इथे वस्तू खरोखर कमी पडत होती. तेव्हा मी नवा चिमटा घ्या म्हणालो: ३५ मिमी नळ्यांचा, १४० मिमीचा. तीन मिमीने काय होतं असं त्याने विचारलं. नळीच्या भिंतीची जाडी तीच धरली तर ताठपणा साधारण व्यासाच्या घनाने वाढतो. पस्तीस भागिले बत्तीस, त्याचा घन, १.३. तीस टक्के. आणि आतला डॅम्पर असा की हळू दाब आणि जोराचा फटका यांना वेगवेगळं उत्तर देतो. ब्रेक दाबल्यावर पुढे झुकणं वेगळं आणि दगडाचा ठोसा वेगळा. एकाच खटक्यात दोन्ही सांभाळायला गेलं की दोन्ही बिघडतात.

घेण्याआधी चार गोष्टी तपासाव्या लागतात, त्या भरभर सांगतो. चाकाचा हब ११० मिमीचा की १००चा. मानेची नळी वर-खाली एकाच मापाची की खाली जाड. ब्रेकची चकती किती मोठी बसते. आणि वरची नळी कापताना जुन्या चिमट्यावरून माप घ्यायचं, दोनदा, चहा पिऊन आल्यावर तिसऱ्यांदा.

मागचा शॉकअप २१० बाय ५० मापाचा होता. म्हणजे दोन डोळ्यांमधलं अंतर २१० मिमी आणि तो स्वतः दबतो ५० मिमी. त्यातून चाकाला १३० मिळतात, म्हणजे प्रमाण २.६. दोस्ताने कुठेतरी वाचलं होतं की त्याच लांबीचा, ५५ मिमी दबणारा घातला तर ट्रॅव्हल १४३ होतं. गणित बरोबर. पण आम्ही जुन्या शॉकअपची हवा पूर्ण सोडली, सायकल तळापर्यंत दाबली आणि मागचं टायर सीटच्या नळीपासून किती दूर राहतं ते बोटाने पाहिलं. करंगळी जेमतेम शिरली. आणखी १३ मिमी चाक वर गेलं असतं तर टायरने नळी घासली असती. म्हणून ५०च ठेवला; फक्त शेजारी तेलाची वेगळी डबी असलेला घेतला. शॉकअप हादरा गिळतो म्हणजे त्याची उष्णता करतो. टेकडीवरच्या पाच मिनिटांच्या उताराला ते कळत नाही. हजार मीटर सलग उतरताना लहान शॉकअपमधलं तेल तापून पातळ होतं आणि खाली येईपर्यंत मागची बाजू घोड्यासारखी उसळायला लागते. जास्त तेल, तर तापायला जास्त वेळ. पोलादी स्प्रिंगचा शॉकअप घ्यावा का, हाही प्रश्न होता. तो बारीक दगडांवर मखमलीसारखा चालतो, खरं आहे. पण त्याच्या चौकटीची मागची जोडणी शेवटी पुरेशी कडक होत जात नव्हती, ८६ किलोला तळाला आपटला असता. शिवाय तीन-चारशे ग्रॅम जास्त. नको म्हटलं.

ब्रेकची पुढची चकती २०३ मिमीची केली. याचा सस्पेन्शनशी काय संबंध असं वाटेल. बोटं बधिर होण्यात दगडांइतकाच वाटा ब्रेक आवळून धरण्याचा होता. मोठ्या चकतीला एक बोट पुरतं, बाकीची तीन मूठ सैल धरू शकतात. लिव्हरही थोडे वर फिरवले, मनगट सरळ राहावं म्हणून.

पुन्हा मांढरदेव. तोच पट्टा, तीच वही. नव्या चिमट्यात २८ मिमी सॅग, हवा ८० पीएसआयच्या आसपास, टोकन एक. पहिल्या दिवशी तो म्हणाला की जुनाच बरा होता. नवी सीलं रुळायला वेळ लागतो. तिसऱ्या रविवारी पट्टा पूर्ण उतरून खाली येऊन थांबला, हेल्मेट काढलं, उजव्या हाताची बोटं एकेक करून मोजल्यासारखी हलवली आणि म्हणाला, "चहा मी देतो." तुम्ही त्याला ओळखता. यावरून काय ते समजा.

निघण्यापूर्वी एक गोष्ट मी त्याला कागदावर लिहून दिली होती. इथे वाईत चिमट्यात भरलेली हवा मुक्तिनाथाला, पावणेचार हजार मीटरवर, तशी वागत नाही. बाहेरच्या हवेचा दाब तिथे खूप कमी. त्यामुळे आतली हवा चार-पाच पीएसआयने जास्त कडक वाटते. आणि चिमट्याच्या खालच्या पायांतही खालची हवा अडकलेली असते, ती फुगून बसते आणि सुरुवातीचा मऊपणा खाते. काही नव्या चिमट्यांना मागच्या बाजूला दोन लहान बटणं असतात, ती नुसती दाबायची. त्याने वर पोचल्यावर बटणं दाबली. फुस्स आवाज आला. मुलीला म्हणाला, "ही वाईची हवा." मग पंप लावून चार पीएसआय सोडली.

ते पहाटे निघाले, कारण काली गंडकीच्या खोऱ्यात सकाळ उलटली की वारा असा सुटतो की सपाटीवरही सायकल पुढे जात नाही. दरीच्या कडेचा एक तुकडा तो चालत गेला. मुलगी चालवत गेली, आणि याने ते बघितलं नाही, मुद्दाम दुसरीकडे तोंड करून उभा राहिला. बाकी सगळं उतरला. दोनदा थांबला, एकदा बोटांसाठी आणि एकदा फोटोसाठी. चिमट्याची कडी जोमसोमला १३४ वर होती. म्हणजे ६ मिमी शिल्लक ठेवून सगळं ट्रॅव्हल वापरलं गेलं होतं. त्याने त्या कडीचा फोटो मला पाठवला, पट्टी लावून. हिमालयाचा एकही पाठवला नाही.

करंगळी अजून अधूनमधून झिणझिणते. प्लेट आहे ती आहे. डॉक्टर म्हणाले, चालवा, पण मला विचारून. पुढच्या वर्षी स्पितीला जायचं म्हणतोय आणि पुन्हा एकदा १६०चा विषय काढून झाला आहे. पुस्तिका मी माझ्याकडेच ठेवून घेतली आहे.

माझी वीस मिनिटं संपली, अध्यक्षबाई घड्याळाकडे बघताहेत. सायकल बाहेर आंब्याखाली उभी आहे, हवेचा पंप आणि पट्टी माझ्या पिशवीत आहे. जेवणाआधी ज्यांना बसून सॅग मोजायचा आहे त्यांनी यावं. वजन मात्र खरं सांगावं लागेल.